इंटरनेटला रांगेत उभं करणारे काका

रांगेत उभं राहायला मनापासून आवडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि नशीब असं की त्याच्याच घरात वरच्या मजल्यावर भाड्याने राहिले. तुम्ही-आम्ही रांग बघून कपाळाला हात लावतो. काकांचा चेहरा खुलायचा. बँकेत, दवाखान्यात, वीजबिलाच्या खिडकीपुढे, कुठेही आठ-दहा माणसं एकामागे एक उभी दिसली की ते आधी लांबून सगळी रांग डोळे भरून पाहून घ्यायचे, मग शेपटीला जाऊन पुढच्याला विचारायचे, "तुम्हीच शेवटचे ना? बस. आता मी शेवटचा." हे ते इतक्या समाधानाने म्हणायचे की पुढचा माणूस वळून दोनदा बघायचा.

काकांनी रेल्वेच्या आरक्षण खिडकीत जन्म काढला होता. काचेला अर्धगोल भोक, भोकाच्या अलीकडे काका आणि पलीकडे अख्खं नागपूर. समोरून येणाऱ्या हातातलं तिकीट ते करायचे. बाजूने घुसलेला हात त्यांना दिसतच नसे. पुढाऱ्याचा माणूस असो, साहेबाचा निरोप असो, काकांचं उत्तर एकच, "मागे जा भाऊ, शेवटी कोण उभं आहे ते पाहा." एकदा काकूंचा सख्खा भाऊ बाजूने आला आणि हळूच म्हणाला, "भाऊजी, मी आहो." भाऊजींनी त्यालाही शेपटीला पाठवलं. त्याचा नंबर येईस्तोवर गाडी भरली. त्या दिवाळीला काकूंच्या माहेरून कुणी फिरकलं नाही. ही गोष्ट काकू प्रत्येक नव्या भाडेकरूला सांगत. मला त्यांनी दुसऱ्याच दिवशी मेथी निवडता निवडता सांगितली आणि वर म्हणाल्या, "माझ्या माहेरचं असं करून ठेवलं यांनी. तुले काय सोडणार आहे?"

"खिडकीत बसणाऱ्यानं तोंड पाहूच नये," काका म्हणायचे. "तोंड पाहिलं की माणूस संपला."

मला ती खोली मिळाली तीही या नादापायीच. मी उमरेडहून एसटीने आलेली, हातात एक पिशवी, चपलेला धूळ. त्याच वेळी महाल भागातल्या त्या अरुंद गल्लीत कशीबशी गाडी घुसवून एक जोडपं आलं. त्यांनी खोली बघितली, पसंत केली, आणि मी देणार त्यापेक्षा जास्त भाडं तिथल्या तिथे कबूल केलं. काकूंचे डोळे चमकले. काका म्हणाले, "या पोरीचा फोन पहिले आला होता. ती नाही म्हणाली तं तुमचा नंबर." मी नाही कशाला म्हणते? ते जोडपं गाडी उलटी काढत बाहेर पडलं तेव्हा गल्लीतल्या दोन बादल्या आणि एक कुंडी आडवी झाली होती.

तर्री पोह्यांच्या, म्हणजे झणझणीत रस्सा ओतलेल्या पोह्यांच्या, ठेल्यावरची रांगसुद्धा काकांनीच लावलेली. नागपुरात रविवारी सकाळी पोह्यांच्या कढईभोवती माणसांचा घोळका असतो, रांग नसते. ज्याचा हात लांब त्याची प्लेट आधी. काका कित्येक रविवार नुसते एका माणसाच्या पाठीमागे जाऊन उभे राहायचे. त्यांच्यापुढचा माणूस घोळक्यात घुसून पोहे घेऊन जायचा. काका आपले तिथेच, पुढच्याची वाट बघत. ठेलेवाल्यालाच लाज वाटायला लागली. मग एकदा काका मोठ्याने म्हणाले, "तर्री सगळ्यांले पुरणार आहे गा, कोणी मरून नाही राहिलं," आणि त्यांनी दोघातिघांना दंडाला धरून एकामागे एक लावलं. आश्चर्य म्हणजे पोहे लवकर मिळायला लागले. दहा हातांकडे बघण्यात ठेलेवाल्याचा जो वेळ जायचा तो वाचला. पुढे कुणी मधे घुसलं की लोकच ओरडायचे, "ए, इथे काकांची रांग आहे."

मुलीच्या लग्नात त्यांनी बुफेपुढे व्याह्यांना रांगेत उभं केलं होतं, तेही स्वयंपाक्याच्या बायकोच्या मागे, कारण ती आधी आली होती. "जावई गुणाचा म्हणून निभलं," असं काकू म्हणायच्या. देवदर्शनाला गेले तर काकू आपल्या बहिणीबरोबर पासच्या दाराने आत जाऊन, दर्शन घेऊन, बाहेर चहा पिऊन यायच्या, तोवर काका चार माणसं पुढे सरकलेले असायचे. वर काकूंना विचारायचे, "देव तिकडून दिसला काय तुले? मले नाही वाटत."

असा हा माणूस. त्याला हसून मोकळं व्हायचं, की त्याच्या पाया पडायचं, हे ठरवायला मला बराच काळ लागला. त्यातली मधली काही महिन्यांची गोष्ट मला सांगायची आहे, कारण त्या महिन्यांत माझं सगळं काही त्यांच्या या नादाला बांधलं गेलं होतं.

माझे बाबा उमरेडला हातमागावर साड्या विणतात. सुती अंग, रेशमी काठ. व्यापारी घेईल त्या भावाला द्यायच्या आणि गप्प बसायचं, हा आमच्याकडचा रिवाज. मी शिकले, नागपूरला आले आणि ठरवलं की साड्या आपणच विकायच्या. स्वतःची छोटीशी वेबसाइट केली आणि रोज संध्याकाळी वरच्या खोलीतून लाइव्ह व्हिडिओ सुरू केला. पलंगावर साड्या पसरायच्या, एकेक उलगडून दाखवायची, पदर, काठ, उलटी बाजू. अमरावतीच्या, जबलपूरच्या, पुण्याच्या बाया बघायच्या, प्रश्न विचारायच्या, साडी घ्यायच्या. कमाई किती ते विचारू नका, पण चाललं होतं. बाबा फोनवर विचारायचे, "आज किती बाया आल्या?" जणू दारात आल्यासारखं.

आमच्या गल्लीत नेटची वायर एकाच कंपनीची. दुसऱ्या कंपनीचा माणूस आला तर हे कंपनीवाले 'खांब आमचा' म्हणून त्याला परत पाठवायचे. मोबाइलचं नेट त्या खोलीत फक्त खिडकीच्या गजाला फोन टेकवला तर यायचं. त्यामुळे माझं दुकान त्या एका वायरवर उभं होतं, आणि ती वायर आणून देणारा माणूस म्हणजे गांधीबागेत ऑफिस असलेला आमचा केबलवाला भाऊ. भाऊ वाईट माणूस नव्हता. तरुणपणी स्वतः गच्च्यांवरून उड्या मारत त्याने केबल टाकली होती. तोंडात कायम सुपारी-तंबाखूचा खर्रा, त्यामुळे महत्त्वाचं काही बोलायचं झालं की तो आधी मान वर करायचा.

श्रावणात गल्लीच्या तोंडाशी कंपनीचा भलामोठा फलक लागला. एका मोठ्या शॉपिंग ॲपशी त्यांचं लगीन जमलं होतं. ॲपवरचे व्हिडिओ फुकट, डेटा कापला जाणार नाही, आणि खाली लाल अक्षरांत, 'आता आमच्या नेटवर सगळ्यांच्या पुढे!' लोक खूश झाले. फुकट म्हटल्यावर कोण खूश होणार नाही? मीसुद्धा त्या रात्री दोन व्हिडिओ बघून घेतले.

दुसऱ्या संध्याकाळपासून माझं लाइव्ह अडखळायला लागलं. साडी उचलली की चित्र थिजायचं, पदर दाखवेपर्यंत बाया निघून गेलेल्या. मी ओरडायची, "ऐकू येऊन राहिलं का? ताई, दिसून राहिलं का?" आणि त्याच वेळी त्याच नेटवर त्या ॲपवरची बाई मात्र लोण्यासारखी चालायची. तिच्या हातात गिरणीत छापलेली साडी, वर 'हातमाग' लिहिलेलं. माझा जळफळाट व्हायचा.

काका तिसऱ्या-चौथ्या दिवशी वर आले. "काहून वं पोरी, रोज संध्याकाळी कोणाले हाका मारून राहिली?"

मी सगळं सांगितलं. इंटरनेटमधलं काकांना काही कळत नव्हतं. व्हॉट्सॲपवर आलेल्या गुड मॉर्निंगला उत्तर द्यायचंच असतं म्हणून ते एकेकाला आल्या क्रमाने पाठवत. पण मी फलकाचं नाव काढताच ते खिडकीशी गेले. तिथून ती लाल अक्षरं दिसत होती.

"सगळ्यांच्या पुढे?" ते म्हणाले. "म्हणजे बाकीच्यांले मागे ठेवून राहिले?"

"तसंच ना काका."

"आणि हे फलकावर लिहिते? रांग मोडणारा लपून मोडते वं. हा तं जाहिरात देऊन मोडून राहिला!"

दुसऱ्या दिवशी ते मला घेऊन गांधीबागेत भाऊच्या ऑफिसात गेले. तिथे दोन गिऱ्हाइकं आधीची होती. त्यांचं होईस्तोवर आम्ही बाकावर. मग भाऊने मान वर केली. "काका, आपण कोणाले अडवलं नाही. ताईंची साइट बंद आहे काय? नाही. फक्त त्यांले जरा पुढे सोडतो."

"रांगेत एकाले पुढे सोडलं म्हणजे मागच्या सगळ्यांले अडवलंच गा. तू हिशेब कोणता करून राहिला?"

"ॲम्ब्युलन्सले पुढे सोडता ना तुम्ही?"

"ॲम्ब्युलन्सनं पैसे चारून रस्ता घेतला काय?"

मला वाटलं, जिंकलो. पण भाऊ पक्का गांधीबागेच्या बाजारातला. त्याने खर्रा थुंकला, तोंड पुसलं आणि शांतपणे म्हणाला, "काका, रागावू नका. तत्काळचं तिकीट कोण विकत होतं? जास्त पैसे दे, आधी सीट घे. खिडकीत तुम्हीच बसले होते ना?"

काका उठले आणि तडक घराकडे चालायला लागले. घरी आल्यावर जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नुसते ओट्यावर बसून. काकू मला म्हणाल्या, "काय बोलला वं तो केबलवाला? नोकरीत असताना बदली झाली तेव्हाही हा माणूस जेवला होता."

त्याच्या पुढच्या सकाळी काका आंघोळ करून, कपाळाला गंध लावून, जिना चढून वर आले. "पोरी, सापडलं," ते म्हणाले. "तत्काळमध्ये प्रवासी स्वतःच्या गाडीसाठी जास्त पैसे देते. देऊ दे. तुले जोरात नेट पाहिजे, तू जास्त भर, माझं काही म्हणणं नाही. इथे प्रवाशानं पैसे दिलेच नाही. इथे एका हॉटेलवाल्यानं स्टेशनवाल्याले पैसे दिले, की माझ्या हॉटेलात जाणाऱ्यांले लवकर बाहेर सोड, बाकीच्यांले फलाटावर बसवून ठेव. आणि त्या बाकीच्यांनी तिकीट पूर्ण काढलं आहे!" एवढं बोलून ते खाली गेले आणि काल-परवाचंही जेवल्यासारखे जेवले.

मी शिकलेली, इंटरनेटवर पोट असलेली. या भांडणावर दिल्लीपासून परदेशापर्यंत मोठमोठी माणसं बोलतात हे मला ठाऊक होतं. पण इतकं सरळ मला कुणी सांगितलं नव्हतं.

काकांनी फोन करून भाऊलाही हे ऐकवलं. त्याला ते पटलं असावं, कारण तो एका दुपारी स्वतः घरी आला. पण आला तो वेगळंच घेऊन. "काका, कंपनी वरून करते, माझ्या हातात नाही. पण तुमच्या घरची लाइन मी आतून पुढे टाकू शकतो. ताईंचं काम होऊन जाईल. फक्त गल्लीत बोलू नका."

माझ्या जिवात जीव आला. दिवाळी तोंडावर आली होती, पाठोपाठ लग्नसराई. बाबांनी याच हंगामाच्या भरवशावर उन्हाळाभर विणलं होतं. मी तोंड उघडणार, तोच काका म्हणाले, "चहा पी आणि जा गा. मागच्या दारानं आमच्या घरी कोणी जात नाही."

भाऊ चहा पिऊन गेला. मी मात्र काकांवर तुटून पडले. जे तोंडाला येईल ते बोलले. "तुमचं तत्त्व होते काका, अन् माझं दुकान जाते! वायर तुमच्या नावावर, म्हणून मी मरू काय?" काका ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "तुझं लाइव्ह पुढे गेलं, तं समोरच्या घरी ती नर्सिंगची पोरगी परीक्षेचं शिकते ते अजून मागे जाईल. तिले काय सांगू?" पण म्हणून माझा राग गेला असं नाही. आजही मला वाटतं, त्या दिवशीचा माझा राग खरा होता. ज्याच्या पोटावर पाय येतो त्याने शांत राहावं असं सांगणारी माणसं मला आवडत नाहीत. मी आठवडाभर त्यांच्याशी बोलले नाही आणि जिना मुद्दाम पाय आपटत चढले.

त्या आठवड्यात खाली काय चाललंय याचा मला पत्ता नव्हता. एका दुपारी काकूंनीच हाक मारली, "ये वं, पाहा तरी तुझे काका काय करून राहिले." ताटं वाढलेली, मधोमध पाणी प्यायच्या तांब्याला टेकवून काकांचा फोन, स्पीकर सुरू. कंपनीचा तक्रार नंबर. आतून एक बाई पुन्हा पुन्हा सांगत होती, "आपण रांगेत आहात. कृपया प्रतीक्षा करा."

"किती अदबीनं सांगून राहिली, पाहा," काका वरणात भात कालवत म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर परमसुख होतं. मधे जे संगीत वाजायचं त्यावर ते मान डोलवायचे. ताक पिऊन झाल्यावर कुणीतरी माणूस फोनवर आला. काकांनी आधी त्याला विचारलं, "माझ्या आधी जे होते त्यांचं काम झालं ना?"

मी सगळा राग विसरून तोंडात पदर कोंबून हसले. आणि हसता हसता माझ्या डोक्यात लख्ख उजाडलं. या कंपन्यांचं शस्त्र काय? माणसाला थांबवून थांबवून थकवायचं. हे बटण दाबा, ते दाबा, उद्या या, साहेब नाहीत. भलेभले तिसऱ्या दिवशी नाद सोडतात. आणि इथे यांची गाठ पडली होती थांबण्यातच ज्याला आनंद अशा माणसाशी! कंपनीने तक्रार ऐकली आणि दोन दिवसांनी 'आपले समाधान झाले आहे' असा निरोप पाठवून बंद केली. दुसरा असता तर फोन आपटला असता. काका म्हणाले, "चला, पुन्हा शेवटून," आणि पुन्हा नंबर लावला. पुन्हा बंद केली, पुन्हा लावला. फोनवरची माणसं त्यांना आवाजावरून ओळखायला लागली. खालच्याने हात टेकले, वरच्याकडे पाठवलं; वरच्याने त्याच्या वरच्याकडे. काका प्रत्येक पायरीवर तितकेच ताजेतवाने.

शेवटी आम्ही दोघं दूरसंचार खात्याच्या सरकारी कचेरीत गेलो. मी त्यांच्याशी केव्हाच बोलायला लागले होते. साहेबांच्या केबिनबाहेर बाकावर बसलो, मी मिनिटागणिक घड्याळ बघत, काका शेजाऱ्याशी संत्र्याच्या बहारावर गप्पा मारत. शिपायाला म्हाताऱ्या माणसाची दया आली. तो म्हणाला, "बाबूजी, इधर बाजू के दरवाजे से छोड देता हूं." मी मनात देवाचा धावा केला. काका म्हणाले, "नको बेटा. इनके बाद." ज्यांच्या 'बाद' ते गृहस्थ संकोचाने अर्धे झाले आणि आपलं काम भराभर आटपून निघाले.

साहेबांनी सगळं ऐकलं. काकांचं हॉटेल आणि स्टेशनही ऐकलं. मग खुर्चीत मागे रेलून म्हणाले, "काका, यासाठी नवा नियम करायची गरजच नाही. नियम आधीपासून आहे. नेट देणाऱ्याला असा भेदभाव करता येत नाही, परवान्यातच लिहिलंय. फक्त तक्रार घेऊन इथवर कुणी पोहोचत नाही. मधेच कंटाळतात."

"कंटाळतात?" काकांनी खऱ्याखुऱ्या आश्चर्याने विचारलं.

दिवाळी मात्र माझी कोरडी गेली. कचेरीतून कंपनीला विचारणा गेली असं कळलं होतं, पण माझं लाइव्ह थिजायचं ते थिजायचंच. भाऊबीज झाली आणि तुळशीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी बाबा न सांगता उमरेडहून आले. पाठीवर साड्यांचं गाठोडं. पाणी पिऊन म्हणाले, "हे शेवटचं हाये. मी तं म्हन्तो, माग मोडून टाकू. खानीवर चौकीदाराची जागा हाये, ठेकेदारानं इचारलं." ते हे इतकं सहज म्हणाले की मला रडूही येईना. आजोबांपासून चाललेला माग, आणि त्याच्यापुढे हातात काठी घेऊन कोळशाच्या ढिगाची राखण. मी गाठोडं सोडलं. साड्या काय सुंदर विणल्या होत्या! तसं तेज त्यांच्या विणकामाला आधी कधी आलं नव्हतं.

चार वाजता खालून काकांची हाक आली. खिडकीतून बघते तर गल्लीच्या तोंडाशी शिडी, शिडीवर भाऊचा माणूस, आणि शिडी धरून उभे खुद्द काका. फलक उतरत होता. भाऊ मान वर करून मला ओरडून सांगत होता, "ताई, वरून आदेश आला! फक्त तुमच्या घरी नाही, सगळ्या शहरात बंद! कोणी पुढे नाही, कोणी मागे नाही!" आणि खरं सांगते, त्याच्या आवाजात कंपनी हरल्याचं दुःख कणभर नव्हतं.

संध्याकाळी मी लाइव्ह सुरू केलं. बाबांना जवळ बसवलं. ते कॅमेऱ्याकडे बघायला तयार नाहीत. खाली मान घालून साडीची घडी करत बसले. बाया यायला लागल्या. मी पदर उचलला, चित्र अडखळलं नाही. काठ दाखवला, उलटी बाजू दाखवली, साडी खिडकीपर्यंत नेऊन संध्याकाळच्या उजेडात धरली. पाण्यासारखं चाललं होतं. जबलपूरच्या एका ताईंनी विचारलं, हा काठ विणला कसा? मी बाबांकडे बघितलं. बाबा हळूहळू बोलायला लागले, मग हातवारे करून, मग पलंगावर मांडी ठोकून. मागाबद्दल त्यांना कुणी प्रश्नच विचारला नव्हता कधी. पहिली साडी गेली, दुसरी गेली, गाठोडं बघता बघता रिकामं झालं, आणि पुण्याच्या एका बाईंनी मुलीच्या लग्नात सगळ्या बहिणींना द्यायला याच काठाच्या साड्या सांगितल्या. नव्या विणून द्या, थांबू आम्ही, म्हणाल्या.

फोन बंद केला तेव्हा बाबा रिकाम्या पलंगाकडे बघत होते. म्हणाले, "सकाळच्या पयल्या एसटीनं जातो. मागावर नवा ताना लावा लागन."

मी जिन्यावरून दोन-दोन पायऱ्या उतरत खाली पळाले. काका जेवायला बसले होते. "काका, सगळं गेलं! अन् वर ऑर्डर! बाबा माग मोडून नाही राहिले!" काकांनी हातातला घास ताटात ठेवला. हात धुतला. कपाट उघडून काकूंनी तुळशीच्या लग्नासाठी जपून ठेवलेली फटाक्यांची लांबलचक लड बाहेर काढली. काकू ओरडल्या, "अहो, ती तुळशीची आहे!" "तुळशीले उद्या दुसरी आणू," म्हणत काका बनियनवरच गल्लीत गेले, लड जमिनीवर अंथरली आणि पेटवून दिली. पोरीच्या लग्नातसुद्धा ज्याने फटाका वाजवला नव्हता तो माणूस कानावर हात ठेवून गल्लीच्या मधोमध उड्या मारत होता. मला रडू आणि हसू एकदम फुटलं.

घराघराची दारं उघडली. ओट्यांवर, गच्च्यांवर लोक आले. कुणीतरी धुरातून ओरडून विचारलं, "काका, मॅच होती काय? कोण जिंकलं?"

काकांनी दोन्ही मुठी वर केल्या आणि होता नव्हता तेवढा आवाज लावून ओरडले, "उमरेड!"

कुणाला काही कळलं नाही. पण समोरून एक शिट्टी आली, कुणी थाळी वाजवली, आणि सगळी गल्ली 'उमरेड! उमरेड!' करायला लागली. मी वर बघितलं. चारचौघांत ज्यांचा आवाज कधी कुणी ऐकला नाही ते माझे बाबा खिडकीचे गज धरून, मान मागे टाकून, सगळ्यांच्या वरताण ओरडत होते, "उमरेड!"